ओटीतलं बियाणं

"पदर नीट धर गं, सांडशील," आई म्हणाली.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बोरमाळच्या आमच्या सोप्यात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि एकूणएकीचे डोळे माझ्या पदराकडं. आईनं सुपातल्या शेंगांची ओंजळ भरली, कपाळाला लावली आणि माझ्या ओटीत घातली. अशा पाच ओंजळी घातल्या. मग हात झटकून म्हणाली, "हा झाला शकुन. बाकीची तीन पोती तुझ्या दादानं टेम्पोत टाकल्यात. ती बी ओटीचीच समज."

"लेकीचं नशीब बघा की बाई," शेजारची अक्काताई म्हणाली. "आमच्या आईनं आमाला खण-नारळावर वाटंला लावलं. हिला तर घरचं बियाणं!"

"एकच लेक हाय मला. तिला न्हाई द्यायचं तर कुणाला?" आई म्हणाली आणि माझ्या हनुवटीला हात लावून तिनं बोटांचा मुका घेतला.

मी काही रडकी बाई नाही. पण त्या दिवशी सगळ्यांदेखत रडले. शेवंता वैनी चहा देत होती, तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि वर न बघता आत गेली. मला वाटलं, जळतीय. नणंदेला तीन पोती बी गेलं म्हणून हिच्या पोटात दुखतंय. मी पण अशी खवचट, की मुद्दाम हाक मारून म्हणाले, "वैनी, तुमच्या हाताला शेकायला ठेवलंय का न्हाई थोडं? का सगळं मीच नेलं?" बायका हसल्या. वैनी शेकायला बसली की निम्म्या शेंगा करपायच्या, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं.

आता ही शेंग कसली ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल शेंगेसाठी एवढं रडायचं काय. बोरमाळची भुईमुगाची शेंग म्हणजे गुंजी. दाणा बारका, साल लालभडक, आणि तेल एवढं की चटणी कुटताना मुसळ हातातून निसटतं. गुंजी बोरमाळच्या मुरमातच होते आणि बोरमाळमध्येच राहते. तिची चटणी मी आईच्या हाताखाली शिकले. शेंग वाळूत शेकायची, दाणे काढून साल पाखडायची, मग लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून तेल सुटेस्तोवर उखळात कुटायची. यात कुटणं कुणालाही जमतं. खरी करामत शेकण्यात असते, आणि त्यात माझ्या आईचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. ती कढईत हात घालून वाळूची ऊब बघायची. तिच्या पोतंभर शेंगांत एक दाणा डागलेला सापडायचा नाही.

लग्न होऊन मी खडकओढ्याला आले तर तिथं सगळी ज्वारीच. माळ तसाच मुरमाड, पण भुईमूग कुणी लावायचं नाही. शेंगा म्हणजे जत्रेत पोरांनी फोडत हिंडायची वस्तू. मी माहेराहून आणलेली चटणी शेजारणींना चाखवली. बाळंतिणीला दाण्याचे लाडू करून घातले. दूध परवडत नाही ना, मग मूठभर दाणे खा, आमटीला कूट लावा, पोरांच्या भाकरीवर चटणी-तेल घाला, असं घरोघर जाऊन बडबडत सुटले. गावानं माझं नाव पाडलं शेंगावाली. "शेंगावाली आली गं, दारं लावा," म्हणायच्या बायका, आणि दार उघडून मला आत घ्यायच्या. हळूहळू तालुक्याच्या बाजारात माझी चटणी संपायला लागली. पण बाजारच्या दाण्याला ती चव येईना. मग डोक्यात आलं, आपल्याच माळावर गुंजी का लावू नये?

सहा घरांनी माळाची एकेक पट्टी द्यायचं कबूल केलं. पिकेल ती सगळी शेंग मी घ्यायची, चटणी करून विकायची, आणि जे सुटेल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. पण उन्हाळी भुईमुगाला रान मोकळं हवं, म्हणजे त्या पट्टीत रब्बीची ज्वारी पेरता येणार नाही. ज्वारी नाही म्हणजे भाकरी नाही आणि जनावरांना कडबाही नाही. म्हणून मी आधी गौरीच्या सणाला माहेरी गेले आणि भावकीच्या बायका फराळाला बसल्या असताना आईला म्हणाले, "आई, मला ओटीत गुंजी घाल. सहा घरं ज्वारी सोडून बसणार हाईत माझ्या शब्दावर." आईचा घास हातातच राहिला. मग ती म्हणाली, "संक्रांतीला ये. घालते."

आईचा शब्द. मी परत आले आणि सहाही घरांना सांगितलं, ज्वारी पेरू नका.

संक्रांतीनंतर तीन पोती आमच्या पडवीत उतरली. पेरणीआधी शेंगा फोडायला बायका जमल्या. आमच्याकडं बियाण्याची शेंग हातानं फोडतात, आणि फोडताना एक दाणासुद्धा तोंडात घालत नाहीत. बियाण्याचा दाणा खाल्ला की शेत उपाशी राहतं म्हणतात. गोदाक्का म्हणून होती त्या सहा घरांतली, नवरा गेलेली, एकटीनं रान करणारी बाई. तिचा हात सवयीनं तोंडाकडं गेला तर बाजूच्या बाईनं तिच्या हातावर चापट मारली.

"आगं, इसरले की," गोदाक्का दाणा परत टोपल्यात टाकत म्हणाली. "काय रंग हाय पण! कुंकवावानी."

हरिबा तात्या दारात उभे होते. सहा जणांत वडीलधारे तेच आणि गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, बोटानं फिरवले आणि म्हणाले, "द्वारके, दाणा लई वाळलाय. पेरायच्या आदी थोडं वल्या फडक्यात घालून बघू. उगवण कळंल."

मी ताडकन उठले. "तात्या, ओटीचं बी हाय ते! माझ्या आईच्या ओटीची परीक्षा घेता व्हय?"

तात्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "चुकलं बाई. ओटीचं म्हनल्यावर सवालच न्हाई."

आणि खरंच सवाल नव्हता. बाजारचं बी असतं तर कुणीही आधी भिजवून बघितलं असतं. पण ओटीत आलेल्या वस्तूची पारख आमच्यात करत नाहीत. आईनं दिलं म्हणजे ते चांगलंच.

पेरणी झाली, विहिरीचं पाणी दिलं. आठवडा गेला. थंडी आहे, उशीर लागतोय, असं एकमेकांना सांगत आम्ही बांधावर चकरा मारत होतो. अजून एक आठवडा गेला. सहा पट्ट्यांत मिळून एक कोंब नाही. शेवटी तात्यांनी खुरप्यानं पेरणीचा तास उकरला. दाणे फुगून मऊ पडले होते, दाबले की लगदा व्हायचा. एकालाही मूळ फुटलेलं नव्हतं.

"किडामुंगीनं खाल्लं असंल," मी म्हणाले.

"खाल्लं कुठं? सगळं हाय की जागंवर," तात्या म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गोदाक्का बांधावर बसून राहिली. तिच्या घरी दोन म्हशी होत्या आणि कडब्याची गंजी केव्हाच संपली होती.

मी घरी येऊन पडवीत बसले. फोडलेलं थोडं बी टोपल्यात उरलं होतं, ते माझ्या पुढ्यात. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई तानूबाई, दळण निवडत होत्या. आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. माझ्या माहेरचा विषय निघाला की त्या नाक मुरडणार आणि मी फणा काढणार, हे रोजचं. माझे मालक साखर कारखान्यावर ड्रायव्हर, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचे, त्यामुळं भांडण सोडवायलाही कुणी नसायचं.

आत्याबाई उठल्या, टोपल्याशी आल्या आणि एक दाणा उचलून सरळ तोंडात टाकला.

"आत्याबाई! बियाणं हाय ते!"

"कसलं डोंबलाचं बियाणं? बियाणं आसतं तर उगावलं नसतं?" त्या चावत राहिल्या. मग थांबल्या. दुसरा दाणा घेतला. तोही चावला आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत टोमणा नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "द्वारके, हे कच्चं लागंना गं."

मी दाणा तोंडात टाकला. कच्चा दाणा हिरवट लागतो, चिकट लागतो, दातात बसतो. हा दाणा नुसता तुटला. जिभेला अगदी पुसटसा खमंगपणा आला. आयुष्य शेंगा शेकण्यात गेलेलं, मला काय कळायचं राहणार? मी दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, मूठभर खाल्ले. सगळे तसेच.

"शेकलंय," मी म्हणाले. "आत्याबाई, कुणीतरी हे शेकलंय."

"कोन शेकंल?"

"कोन म्हंजे? वैनी! संक्रांतीला वर मान करून बघितलं न्हाई तिनं. मेली जळकी! मी जाते उद्याच. झिंज्या उपटून हातात देते तिच्या."

आत्याबाईंनी टोपलं उचलून आत नेऊन ठेवलं. एरवी माझ्या वैनीला त्यांनी माझ्या आधी दोन शिव्या घातल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं बोरमाळला पोचले. वैनी अंगणात भांडी घासत होती. आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मी हातातली पिशवी वैनीच्या अंगावर फेकली, दाणे सगळ्या अंगणभर झाले.

"खा! खाऊन बघ! माझ्या आईच्या ओटीला हात लावलास? सहा घरांची चूल विझवलीस तू! तीन पोती शेकताना तुझं हात कसं झडलं न्हाईत?"

वैनीनं भांडं खाली ठेवलं. तिच्या हाताला राख लागलेली. मला वाटलं आता ती उलटी अंगावर येईल. पण तिनं फक्त एक दाणा उचलला, पदराला पुसला, सोलला आणि माझ्यापुढं धरला.

"वन्सं, बघा. कुटं डाग हाय का?"

"मग?"

"माझ्या हातानं शेकल्या असत्या तर निम्म्या करपल्या असत्या. तुमीच म्हनता की."

मी तो दाणा बघितला. पांढराशुभ्र होता. मूठभर खाल्ले होते काल, एकाची चव कडवट नव्हती. तीन पोती शेंगा, आणि एक दाणा डागलेला नाही. मला सगळं कळलं, पण मान वळवायचं धाडस होईना. वैनी उठून गोठ्याकडं निघून गेली.

आई तांदूळ निवडत होती. खडा काढायची, बाजूला टाकायची.

"आई," मी म्हणाले.

"बस. चहा टाकायला सांगते."

"आई, तू शेकलंस?"

"आच लावलीच न्हाई म्हन की," आई सुपात बघत म्हणाली. "वाळू नुसती कोमट केली. हात ठिवता येत हुता कढईत. नुसतं दाण्याचा डोळा मिटाय पुरतं. वरनं कळाय नगं म्हून दोन दीस बसले चुलीफुडं. माझं गुडगं अजून दुकत्यात."

तिचे गुडघे दुखत होते! मला हसू आलं का रडू, ते आजही सांगता येत नाही. मी तिच्यासमोर मातीत बसले.

"का गं आई?"

"बोरमाळचा शिरस्ता हाय. लेक द्यावी, बी देऊ न्हाई. तुला म्हाईत हाय ते."

"ते परक्यांसाठी हाय. मी परकी?"

"लेक दिली की लेकीचं गाव परकंच." इथं तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "गुंजी बोरमाळात मिळती म्हून सोलापूरचा व्यापारी आपल्या दारात येतो. उद्या खडकओढ्यात पिकली तर तुझ्या दादाच्या शेंगंला कोन इचारनार? गाव तुझ्या दादाला जगू दील? म्हनतील, यांच्याच घरातनं बी भायेर गेलं."

"मग न्हाई म्हनायचं हुतंस! गौरीतच म्हनायचंस, न्हाई देत जा. मी दुसरं बी बघितलं असतं."

"सगळ्या भावकीदेखत मागितलंस तू. भरल्या ताटावर. लेकीला न्हाई म्हनले असते तर बायका माझ्या तोंडावर थुकल्या असत्या. ओटी बी झाली पायजे, शिरस्ता बी ऱ्हायला पायजे. काय करू सांग? दोनी बाजूंचं राखलं म्या."

"आनि माझी बाजू?"

आईनं सुपातला आणखी एक खडा काढून बाजूला टाकला.

"सहा घरांनी ज्वारी पेरली न्हाई आई. तुला म्हाईत न्हवतं का?"

"म्हाईत हुतं. तूच सांगितलंस की." मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, उगावलं न्हाई तर लोक म्हनतील जमीनच वाईट. तुला कोन बोल लावंल?"

दादा एवढ्यात रानातून आला होता. खांबाला टेकून उभा होता, तो म्हणाला, "द्वारे, झालं ते झालं. जेवून जा." म्हणजे त्यालाही माहीत होतं. पोती टेम्पोत टाकताना माझ्याशी थट्टा करत होता तेव्हाही माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या सगळ्यांनी मला मध्ये बसवून तिळगूळ खाऊ घातला होता. मी त्या घरी पाणी प्यायले नाही.

खडकओढ्यात मी काही लपवलं नाही. संध्याकाळी पारावर सहाही घरची माणसं जमली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या आईनं बी शेकून दिलं. माझ्या माहेरानं आपल्याला फसवलं."

मला वाटलं होतं, लोक चिडतील, बोरमाळला शिव्या घालतील, मग आपण पुढचं बघू. पण कुणी चिडलंच नाही. सगळे माझ्याकडं विचित्र बघायला लागले.

"पोरी, आईचं नाव असं घेऊ न्हाई," गोदाक्का म्हणाली. "जिभंला किडं पडत्यात."

"खरं सांगतीय गोदाक्का!"

"आई लेकीच्या ओटीत मेलेलं बी घालंल? चांडाळीन बी घालायची न्हाई. तुझ्याच पडवीत वलीनं उबून मेलं असंल, तर उबलं म्हन. आमी काय जीव घेतोय व्हय तुझा?"

तेव्हा आत्याबाई उठल्या. जन्मात कधी पारावर न बोललेली बाई. म्हणाल्या, "म्या सोता चव घेतली. शेकलेलंच हाय."

मागून कुणीतरी हसलं. "तानूबाई इहिणीबद्दल गोड कवा बोलल्यात?" मग सगळेच हसले. आत्याबाईंचं तोंड उतरलं. इतकी वर्षं माझ्या माहेराला नावं ठेवलेली, ती सगळी त्या एका क्षणी आम्हा दोघींना नडली.

हरिबा तात्यांनी हात वर केला. "अशानं मिटायचं न्हाई. इहीणबाईंनाच आणतो. त्यांच्या तोंडून ऐकू. खरं निघालं तर द्वारकीला कुनी कायबी बोलायचं न्हाई, फुडल्या साली आपन परत तिच्या शब्दावर रान देऊ. खोटं निघालं तर शेंगंचा नाद सोडायचा."

ते स्वतः बोरमाळला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईला आणि दादाला मानानं घेऊन आले. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पारावर घोंगडी अंथरून तिला बसवलं. कुणीतरी गूळ-पाणी दिलं. मी समोर उभी होते, माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

"इहीणबाई," तात्या म्हणाले, "लेक म्हनती, तुमी बी शेकलं. आमचा इस्वास न्हाई, पर तुमीच सांगा."

"न्हाई," आई म्हणाली.

नुसतं न्हाई. एवढं सहज, जसं काही भाकरी वाढू का म्हणून विचारलं होतं.

"आई!" मी ओरडले.

"लेकरू हाय," आई तात्यांना म्हणाली. "घाबरलंय. हिच्या बोलन्याचं मनावर घेऊ नगा."

"मग आण घ्या," तात्या म्हणाले. "लेकीच्या डोस्क्यावर हात ठिवून सांगा, की इषय मिटला."

आणि खरं सांगते, त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटले. इथं ती अडणार. कारण मी माझ्या आईला ओळखत होते. लहानपणी दादानं विटीदांडू खेळताना माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली होती, तर आईनं त्याला केरसुणीनं झोडपलं होतं. "खोटी आण घेतली की डोस्कं ज्याचं त्यो मरतो, कळत न्हाई तुला मुडद्या?" म्हणत स्वतः रडत होती. रात्रभर मला कुशीत घेऊन झोपली होती. ती बाई हे करणार नाही. बी मारेल, पण मला मारणार नाही.

आई उठली. लुगड्याचा घोळ सावरला आणि माझ्याजवळ आली. तिच्या अंगाला माहेरच्या घराचा वास येत होता. तिनं उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. हात घामानं ओला होता.

"हिच्या गळ्याची आण," ती म्हणाली. "म्या दिलं ते बी जितं हुतं."

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं डोळे मिटले होते.

तात्यांनी तिला हात जोडले. "मिटलं," ते म्हणाले, आणि लोक उठले. मला कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. खोटारड्या माणसाला समजून घेतात तसं सगळ्यांनी मला समजून घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढं सांगण्यासारखं फार नाही. त्या वर्षी गोदाक्कानं दोन्ही म्हशी विकल्या. सहापैकी कुणी मला परत रान दिलं नाही. आत्याबाईंनी दिलं, त्यांच्या नावावरचा माळाचा तुकडा होता तो. बाजारचं साधं बी आणलं, फडक्यात भिजवून बघितलं, मग पेरलं. ते आलं. दुसऱ्या वर्षी शेजारच्या एकानं पेरलं, मग आणखी चौघांनी. आज खडकओढ्यात घरटी भुईमूग आहे, पोरांच्या डब्यात दाण्याचा लाडू आहे, आमच्या चटणीला चार गावांहून माणसं येतात. चांगली असते चटणी. गुंजीची सर नाही, पण चांगली असते. आणि गावाला विचाराल तर आजही हेच सांगतील, की शेंगावाली बाई कर्तबगार, पण एकदा बी उबवलं आणि आईवर घातलं. मी खुलासा करणं केव्हाच सोडून दिलंय.

पण मनातून जात नाही तो त्या आणेच्या दिवशीचा गाडीचा फाटा.

पार मोकळा झाल्यावर आई परत निघाली. आत्याबाई म्हणाल्या, "नगं जाऊ पोचवायला." मी गेले. का गेले, कुणाला ठाऊक. गोदाक्का आणि दोघीतिघी बायका पाहुणीला निरोप द्यायला म्हणून बरोबर आल्या. दादा गाडीची चौकशी करायला पुढं गेला. झाडाखाली आम्ही दोघीच जरा बाजूला उभ्या होतो.

आईनं माझ्या दंडाला हात लावून बघितलं. "हाडं वर आल्यात तुझी," ती म्हणाली. "येळंवर खात जा गं."

मी म्हणाले, "आई, खोटी आण हाय ती. तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. मी मेले तर सांगावा धाडायला सांगू, का नगं?"

तिचा हात माझ्या दंडावरच राहिला. मग म्हणाली, "तिनीसांजंचं असं वंगाळ बोलू न्हाई."

गाडी आली. दादानं तिला धरून वर चढवलं. ती खिडकीशी बसली. मी खालीच उभी होते, हात हलवला नाही की पाया पडले नाही. गाडी निघाली तशी आईनं घाईघाईनं दोन्ही हात खिडकीबाहेर काढले, माझ्यावरून उतरवून आपल्या कानशिलाला लावले आणि कडाकडा बोटं मोडली. माझी दृष्ट काढली तिनं.

"बघितलंस?" गोदाक्का माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "केवडा जीव हाय तुझ्यावर. आनि तू तिला काय काय बोललीस."